प्लम रनचा उतार : फर्स्ट मिनेसोटा पलटणीची तीन वर्षे

पेनसिल्व्हेनिया राज्यातील गेटिसबर्ग गावाच्या दक्षिणेला सिमेटरी रिज नावाचा एक लांबट उंचवटा आहे. त्यावरून पश्चिमेला उतरले की झुडपांत दडलेला एक ओहोळ लागतो. त्याचे नाव प्लम रन. कोरड्या दिवसांत तो एका ढांगेत ओलांडता येतो आणि त्याची कथा ठाऊक नसेल तर कोणी त्याच्याकडे वळूनही पाहणार नाही. अमेरिकेच्या यादवी युद्धात, 2 जुलै 1863 च्या संध्याकाळी, उंचवट्यापासून या ओहोळापर्यंतचे काहीशे पावलांचे अंतर मिनेसोटाच्या पहिल्या स्वयंसेवक पायदळ पलटणीने संगिनी रोखून, धावत कापले.

ही पलटण उभी राहिली ती एका योगायोगामुळे. एप्रिल 1861 मध्ये, गुलामगिरी टिकवण्यासाठी संघराज्यातून फुटून निघालेल्या दक्षिणेच्या राज्यांनी फोर्ट समटरवर तोफा डागल्या, तेव्हा मिनेसोटाचे गव्हर्नर अलेक्झांडर रॅमसे कामानिमित्त राजधानी वॉशिंग्टनमध्येच होते. किल्ला पडल्याची बातमी येताच 14 एप्रिलला त्यांनी युद्धमंत्री सायमन कॅमेरॉन यांची गाठ घेतली आणि आपल्या राज्यातर्फे 1000 माणसे देऊ केली. मिनेसोटाला राज्याचा दर्जा मिळून तेव्हा पुरती तीन वर्षेही झाली नव्हती. तरीही सैन्य देऊ करण्यात सर्वांत पहिला क्रमांक लागला तो या सीमेवरच्या नवख्या राज्याचा.

29 एप्रिलला फोर्ट स्नेलिंग येथे पलटणीची पहिली हजेरी झाली. लाकूडतोडे, शेतकरी, कारकून, वकील, छापखान्यात काम करणारे अशी सगळी माणसे त्यात होती. सुरुवातीला तीन महिन्यांची म्हणून केलेली भरती लवकरच तीन वर्षांची झाली. संघराज्याचे निळे गणवेश मिळेपर्यंत त्यांच्या अंगावर लाल फ्लॅनेलचे सदरे होते, आणि युद्ध हे अजून जत्रेला जाण्यासारखे वाटण्याचे ते दिवस होते.

हा समज 21 जुलै 1861 रोजी बुल रनच्या लढाईत संपला. रिकेट्स यांच्या तोफखान्याला आधार देण्यासाठी पलटण पुढे गेली, तेव्हा दोन्ही बाजूंचे गणवेश इतके सरमिसळ होते की समोरचे आपले की परके हेच कळेना. उत्तरेच्या सैन्याची त्या दिवशी दाणादाण उडाली. मिनेसोटाचे मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून सुमारे 180 जण कमी झाले. पुढे 1862 चे वर्ष पेनिन्शुलाच्या मोहिमेत, अँटिएटमच्या रानात आणि फ्रेडरिक्सबर्गच्या थंडीत गेले. गोळीपेक्षा तापाने आणि हगवणीने माणसे अधिक खचली. त्या युद्धातल्या बहुतेक पलटणींची हीच कहाणी आहे.

त्याच वर्षी घराकडेही युद्ध पेटले होते, आणि त्याचा उल्लेख टाळून ही गोष्ट सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. करारात कबूल केलेली रक्कम आणि धान्य वेळेवर न मिळाल्याने उपासमारीला आलेल्या, मिनेसोटाच्या मूळ रहिवासी डकोटा लोकांपैकी काहींनी ऑगस्ट 1862 मध्ये शस्त्र उचलले. तो उठाव मोडल्यावर 26 डिसेंबरला मँकेटो येथे 38 डकोटा पुरुषांना एकाच वेळी फाशी देण्यात आले. ज्या फोर्ट स्नेलिंगवर आपली पलटण वाजतगाजत उभी राहिली होती, त्याच्याच पायथ्याशी डकोटा स्त्रिया, मुले आणि वृद्धांना त्या हिवाळ्यात कुंपणाआड डांबले गेले.

जून 1863 च्या अखेरीस पलटण दक्षिणेच्या जनरल ली यांच्या सैन्याच्या मागावर उत्तरेकडे कूच करत होती. 29 तारखेला एका दिवसात 30 मैलांहून अधिक चाल झाली. वाटेत एक ओढा आडवा आला. पाण्यातूनच उतरून जावे, असा वरून हुकूम होता; पण काही शिपाई ओंडक्यांवरून कोरड्या पायांनी पलीकडे गेले. भिजलेल्या बुटांनी मैलोनमैल चाललेल्या माणसाला यातला शहाणपणा समजावून सांगावा लागत नाही. वरिष्ठांना मात्र तो समजला नाही आणि पलटणीचे प्रमुख कर्नल विल्यम कोलव्हिल यांना अटकेत ठेवण्यात आले. एरवी रेड विंग गावात वकिली आणि वृत्तपत्र चालवणारे हे साडेसहा फुटांच्या आसपास उंचीचे गृहस्थ पुढची वाट शस्त्राविना चालले. त्यांची सुटका झाली ती लढाईच्याच दिवशी, 2 जुलैला.

त्या संध्याकाळी उत्तरेच्या जनरल सिकल्स यांनी आपली फळी हुकमाबाहेर पुढे नेली होती. ती मोडली आणि सिमेटरी रिजवर मोठे खिंडार पडले. दक्षिणेच्या विल्कॉक्स यांची अलाबामाची ब्रिगेड नेमकी त्या खिंडाराकडे येत होती. कुमक वाटेत होती, पण तिला पोहोचायला काही मिनिटे हवी होती. जनरल हॅनकॉक घोडा फेकत आले, तेव्हा त्यांच्या हाताशी होत्या फक्त या पलटणीच्या आठ कंपन्या. ही कोणती पलटण, असे त्यांनी विचारले, आणि उत्तर मिळताच समोरचे निशाण दाखवून चढाईचा हुकूम दिला. आपण या माणसांच्या जिवाच्या मोलाने पाच मिनिटे विकत घेत आहोत, याची त्यांना पुरती जाणीव होती आणि नंतर त्यांनी ते लपवलेही नाही.

उतारावरून ते धावले, आणि विल्कॉक्स यांची पुढची फळी मागे रेटली गेली. मग ओहोळाच्या पात्राचा आडोसा घेऊन तिन्ही बाजूंनी येणाऱ्या गोळ्यांना उत्तर देत ते तिथे टिकून राहिले. निशाण पुन्हा पुन्हा पडले आणि दर वेळी कोणीतरी ते उचलले. कोलव्हिल खांद्याला आणि घोट्याला गोळी लागून कोसळले. कुमक आली, अलाबामाची ब्रिगेड मागे फिरली आणि अंधार पडताना हजेरी झाली. वाचलेल्यांनी पुढे सांगितलेला हिशेब असा की 262 जण उतरले आणि 47 परतले. नंतरच्या काही अभ्यासकांच्या मते उतरलेल्यांची संख्या यापेक्षा अधिक आणि हानीचे प्रमाण काहीसे कमी होते. त्यांचे आकडे धरले तरी बहुतांश माणसे त्या उतारावरच पडली.

उरलेल्यांना दुसऱ्या दिवशीही सुट्टी नव्हती. दक्षिणेच्या जनरल पिकेटच्या चढाईला तोंड देताना कॅप्टन नेथन मेसिक ठार झाले, आणि मार्शल शर्मन या शिपायाने 28 व्या व्हर्जिनिया पलटणीचे निशाण हिसकावून घेतले. व्हर्जिनियाकडून मागणी होऊनही मिनेसोटाने ते अजून परत केलेले नाही.

29 एप्रिल 1864 रोजी, बरोबर तीन वर्षांनी, फोर्ट स्नेलिंगवरच पलटण विसर्जित झाली. कोलव्हिल 1905 पर्यंत जगले. राज्याच्या नव्या विधानभवनात जुनी निशाणे नेण्याच्या समारंभासाठी ते आले होते. त्याच्या आदल्या एकदोन दिवसांतच त्यांचा मृत्यू झाला.

स्टिलवॉटर गावच्या बी कंपनीतल्या 34 जणांनी 1885 मध्ये एक मंडळ काढले होते. दरवर्षी 21 जुलैला, बुल रनच्या दिवशी, सगळ्यांनी एकत्र जेवायचे आणि मध्ये ठेवलेली वाइनची बाटली शेवटी उरेल त्याने दिवंगत सोबत्यांच्या नावाने उघडायची, असे ठरले. वर्षागणिक रिकाम्या खुर्च्या वाढत गेल्या. 1930 साली चार्ल्स लॉकवुड एकटेच मेजाशी बसले. त्यांनी बाटली उघडून एक घोट घेतला. वाइन आंबून गेली होती.