चकवा, बिबट्या, गवा आणि आज्जीची बॅटरी

नमस्कार भावांनो, ताई, वहिनी, काका. आजचा व्हिडिओ रानातनं करतोय. माझ्या मागं दिसतोय तो ऊस आमचाच, तोड अजून यायची आहे. या उसात गेल्या आठवड्यात वाघ बसला होता. म्हणजे गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बसला होता! सकाळी सहाला फोटो आला. साडेसहाला वाघाबरोबर दोन पिल्लं झाली. सातला रडवेल्या आवाजातला मेसेज आला, वाघानं रेडकू नेलं. आणि आठला ते रेडकू गोठ्याच्या मागं म्हशीला लुचताना सापडलं. फोटो मोठा करून बघितला तर वाघाच्या पाठीमागं खजुराची झाडं. आमच्या कोल्हापूरच्या करवीर तालुक्यात खजुराची बाग कुणी लावली असली तर मला सांगा, मी बघायला येतो.

हसलात ना? हसा. पण त्या दिवशी आमच्या गल्लीतल्या तीन बायका भांगलायला गेल्या नाहीत, त्यांचा रोज बुडला. आणि त्याच रात्री त्याच गावातली पोरं बॅटरी न घेता, अनवाणी, उसाला पाणी पाजायला गेली. वाघाची भीती सकाळी अकरापर्यंत टिकली, सापाची कुणाला वाटलीच नाही. मला याचंच वाईट वाटतं. आपण भितो भरपूर, पण भीती चुकीच्या जनावरावर खर्च करतो.

तर आज तयारी करायची. खऱ्या जनावरांपासनं वाचायची आणि नसलेल्या जनावरांपासनंही. सुरुवात नसलेल्यांपासनं करतो, कारण त्यांच्यापासनं वाचायचं शिक्षण मला माझ्या आज्जीनं दिलं आणि ते अजून उपयोगी पडतंय.

आज्जीचा पहिला शत्रू चकवा. चकवा लागला की माणूस रात्रभर चालतो आणि पहाटे बघतो तर त्याच बांधावर, त्याच बाभळीखाली. आज्जी म्हणायची, "आरं लेका, चकवा लागला की पळायचं न्हाई. खाली बसायचं. पान खायचं, देवाचं नाव घ्यायचं आन् तांबडं फुटूस्तोवर हलायचं न्हाई."

आता ऐका. 2009 साली जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी माणसांना अनोळखी जंगलात आणि वाळवंटात चालायला लावलं, सरळ जा म्हणाले. सूर्य नाहीतर चंद्र दिसत होता तोवर माणसं बऱ्यापैकी सरळ चालली. ढग आले, चंद्र मावळला, की वाट वाकडी व्हायला लागली. जंगलातली माणसं तर गोल फिरून आपलीच वाट ओलांडून गेली आणि त्यांना ते कळलंही नाही. डोळे बांधून चालवलं तेव्हा काहींचा फेरा 20 मीटरपेक्षाही लहान झाला. हा घ्या तुमचा चकवा! आडसाली, म्हणजे दीड वर्ष उभ्या राहणाऱ्या उंच उसात रात्री शिरलात तर डोक्यावर पाचट, चारी बाजूंना पाचट, खुणेला काही नाही. तिथं मेंदू अशीच गिरकी घेणार. आणि वाट चुकलेल्या माणसाला बचाव पथकवाले आज काय सांगतात? थांबा, एका जागी बसा, उजाडायची वाट बघा. आज्जीनं जर्मनी बघितली नव्हती. तिनं फक्त बसायचं निमित्त दिलं, पान खायला.

दुसरी हडळ. ती कुठं बसायची? कठडा नसलेल्या विहिरीवर. तिसऱ्या सातीआसरा, पाण्यातल्या सात देवता, त्या नदीच्या डोहात. पोरांनी एकट्यानं, तिन्हीसांजेला तिकडं जायचं नाही. मला वाटतं आपल्या म्हाताऱ्यांनी प्रत्येक धोक्याच्या जागेवर एकेक राखणदार बसवला होता आणि त्याचं तोंड मुद्दाम भयानक ठेवलं होतं, कारण "पाणी खोल आहे" म्हटल्यावर कुठलं पोरगं थांबतंय? मी माझ्या पुतण्याला विहिरीची भीती हडळीचं नाव न घेताच घालतो, पण आज्जीइतकी चांगली बसत नाही हे खरं आहे.

बरं, आता खरे.

बिबट्या. आपल्याकडं याला वाघच म्हणायची पद्धत, त्यामुळं अर्धा गोंधळ तिथंच होतो. अंगावर पट्टे असले तर वाघ, ठिपक्यांची फुलं असली तर बिबट्या. आपल्या उसात येतो तो बिबट्या. आणि तो तिथं चुकून आलेला नसतो. तेव्हाच्या नगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेतवस्तीत कॅमेरे लावून अभ्यास केला, तो 2013 साली छापून आला. जंगल नसलेल्या त्या मुलखात 100 चौरस किलोमीटरला साधारण 5 मोठे बिबटे राहत होते. खात काय होते? पुढच्या अभ्यासात त्यांच्या विष्ठेवरनं कळलं की भक्ष्याच्या वजनाचा 87 टक्के वाटा पाळीव जनावरांचा आणि त्यातही एकट्या कुत्र्यांचा 39 टक्के. म्हणजे गावच्या उकिरड्यावर आपण कुत्री पोसतो आणि बिबट्याचं ताट वाढून ठेवतो. बिबट्यापासनं बचावाची पहिली तयारी बंदूक नाही, उकिरडा साफ ठेवणं आहे. ग्रामसभेत कुणी हा विषय काढला तर लोक हसतील, तरी काढा.

दुसरी तयारी उभं राहण्याची. उभा माणूस बिबट्याच्या हिशोबात सहसा भक्ष्य नसतो. पण वाकून भांगलणारी बाई, बसून वैरण कापणारा माणूस, परसाकडला बसलेला माणूस, लहान पोर, हे त्याला मागनं चार पायांच्या जनावरासारखे दिसू शकतात. म्हणून वाकायच्या कामाला जोडीनं जा, आणि बोलत राहा. आवाज करा! आपण कोल्हापूरकर, आवाजाच्या बाबतीत आपल्याला शिकवणी लागते का? मोबाईलवर हलगी लावून कमरेला अडकवा. मनापासनं सांगतोय, माणसाची चाहूल लागली की बिबट्या बहुतेक वेळा स्वतःहून बाजूला होतो. त्याला आपली भेट नकोच असते.

आणि समोरासमोर आलाच तर? बघा, करून दाखवतो. (दोन पावलं मागं सरत, हात वर करून.) तोंड त्याच्याकडं. हात वर, टॉवेल असला तर डोक्यावर पसरून धरा, आपण मोठे दिसलो पाहिजे. मोठ्यानं बोला, काय बोलताय याला महत्त्व नाही, उसाच्या बिलाची तक्रार सांगितली तरी चालेल. हळूहळू मागं सरका. पाठ फिरवायची नाही, पळायचं नाही. लहान पोर बरोबर असलं तर नजर न काढता उचलून घ्या. पळणाऱ्याच्या मागं लागायचं हे मांजराच्या रक्तातच आहे, घरातल्या मनीपुढं दोरी ओढून बघा.

तोडीच्या वेळी फडात बछडी सापडतात. ती सहसा अनाथ नसतात. आई जवळपास असते, दिवसा गर्दीमुळं पुढं येत नाही. त्यांना मांडीवर घेऊन फोटो काढू नका. तोड थांबवा, माणसं मागं घ्या, 1926 ला फोन करा. हा वन विभागाचा नंबर आहे, आत्ताच फोनमध्ये घालून ठेवा. पिल्लं सापडल्या जागी ठेवली की बहुतेक वेळा रात्री आई येऊन एकेक करून घेऊन जाते. आणि आई पिल्लं शोधत शिवार पालथं घालत फिरण्यापेक्षा ते आपल्यासाठीही बरं.

"पकडून लांब सोडा" हा आपला आवडता उपाय. जुन्नर भागात 2001 नंतर हेच केलं. पिंजरे लावले, बिबटे धरले, दुसरीकडं जंगलात सोडले. झालं काय, तर जिथं सोडले त्याच्या आसपास माणसांवरचे हल्ले वाढले. अनोळखी मुलखात टाकलेलं, आधीच बिथरलेलं जनावर शहाणं वागेल ही अपेक्षाच चुकीची होती. म्हणून गावात पिंजऱ्यासाठी मोर्चा काढण्याआधी हे एकदा आठवा.

आता गवा. आपल्या जिल्ह्याची शान! दाजीपूर, म्हणजे राधानगरी अभयारण्य, 1958 सालचं, महाराष्ट्रातलं पहिलं, आणि ते ओळखलं जातं गव्यांसाठी. खरं सांगायचं तर गवा शिकारी नाही. गवत खातो, पानं खातो. पण मोठा नर हजार किलोच्या घरात जातो आणि खांद्याशी जवळपास माणसाएवढा उंच असतो. 2021 च्या डिसेंबरात गवा पार कोल्हापूर शहरात आला, पंचगंगेच्या काठानं फिरला, आणि त्याच दिवसांत शहरालगत एका तरुण पोराचा गव्याच्या हल्ल्यात जीव गेला. त्याआधी वर्षभर, 2020 च्या डिसेंबरात, पुण्यात कोथरूडला गवा आला होता. त्याच्या मागं एवढी माणसं लागली, एवढी धावपळ झाली, की पकडल्यावर तो मेला. एकीकडं माणूस गेला, एकीकडं जनावर गेलं, आणि दोन्हीकडं गर्दीच्या हातात मोबाईल होते.

याचा मला राग येतो, लपवत नाही. गवा आला की आपण तांबडा-पांढरा रस्सा ताटात टाकून गाडीला किक मारतो आणि "कुठं आहे, कुठं आहे" करत निघतो. गवा तुम्हाला शोधत आलेला नसतो, तो वाट शोधत असतो. वाट मोकळी ठेवा, तो अंधार पडला की आल्या वाटेनं जायला बघतो. तो फुसकारायला लागला, मान खाली घालून आडवा उभा राहून आपली उंची दाखवायला लागला, म्हणजे तो "लांब हो" म्हणतोय. तेव्हा लांब व्हायचं, आणि ते भिंतीच्या नाहीतर जाड बुंध्याच्या आडोशाला. मोटरसायकलवर असाल तर लांबच थांबा. हॉर्न नाही, रेस नाही, तोंडावर लाईट नाही. बिबट्यापुढं जो दंगा करायला सांगितला तो गव्यापुढं करायचा नाही, हे मात्र डोक्यात पक्कं ठेवा. दोघांची रीत उलटी आहे.

मगरीचं थोडक्यात. पंचगंगेत आणि कृष्णेत मगरी आहेत. मगर काठाला, पाण्यात डोळेच वर ठेवून, बसून राहते. म्हणून धुणं धुताना, म्हशी धुताना गुडघाभर पाण्यात वाकून राहू नका, बादलीनं पाणी वर घ्या. सातीआसरांनी हेच सांगितलं होतं.

आणि आता जो खरा, ज्याचा फोटो कुणी ग्रुपवर टाकत नाही, तो साप. 2000 ते 2019 या वीस वर्षांत भारतात साप चावून सुमारे 12 लाख माणसं गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. वर्षाला साधारण 58 हजार. सगळे वाघ, बिबटे, गवे, मगरी एकत्र केल्या तरी या आकड्याजवळ येत नाहीत. आणि यातली बहुतेक माणसं खेड्यातली, रानात राबणारी. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चार लक्षात ठेवा. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, आणि तिचं चावणं कित्येकदा जाणवतही नाही. पहाटे पोटात दुखतंय, पापण्या मिटतायत, बोलता येईना, असं झालं तर पित्त समजून लिंबू-पाणी देत बसू नका. दवाखाना गाठा. खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली खोचा. मच्छरदाणी साप अडवते, हे मला स्वतःला उशिरा कळलं आणि तेव्हापासनं मी प्रत्येकाला सांगत सुटलोय.

चावलाच तर दोरी आवळायची नाही, ब्लेड मारायचं नाही, तोंडानं ओढायचं नाही. अंगठी, कडं काढा, चावलेला भाग हलवू नका, 108 ला फोन करा, नाहीतर गाडीत घाला आणि सरकारी दवाखान्यात न्या. मांत्रिकाकडं गेलेला एक तास परत मिळत नाही. आणि साप मारून पिशवीत घालून डॉक्टरला दाखवायला नेऊ नका! आपल्याकडचं सर्पदंशावरचं इंजेक्शन या चारी सापांवर चालतं.

कुत्रं चावलं तर आपल्या घरात अजून जखमेत चटणी भरतात. कोल्हापुरी चटणीवर माझं जीवापाड प्रेम आहे, पण ती मटणात. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा, आणि रेबीजची इंजेक्शनं सगळी पुरी करा. दोन घेतली, बरं वाटलं, सोडलं, असं नाही.

राहिली रात्रीची लाईट. शेतीपंपाला वीज रात्री येणार असेल तर शेतकरी रात्रीच उसात शिरणार. तिथं माझी आज्जीही कमी पडते. दिवसा वीज द्या ही मागणी शेतकरी किती वर्षं करतोय. माझ्या लेखी ती साप आणि बिबट्यापासनं वाचायचीही मागणी आहे, पंपाची नुसती नाही.

तोवर ही तयारी. (काठी उचलून.) ही काठी, शेंड्याला घुंगरू, चालताना आपटत जायची, जमिनीची धडधड सापाला कळते. हे गमबूट, गुडघ्यापर्यंत. हा फोन, हलगीसकट, 1926 आणि 108 सकट. बरोबर कुणीतरी माणूस. आणि ही आज्जीची बॅटरी, पितळी, तीन सेलची, अजून चालू आहे.

तुमची कुठं आहे? कपाटावर? उठा, काढा, बटण दाबून बघा. नाही पेटली ना? सेल आत्ताच आणा, दुकान नऊला बंद होतंय.