दात, दावं आणि साडेबारा कोटी

(पडद्यावर: गणपतीचा मांडव, रात्रीचे सव्वाअकरा. समई तेवतेय. एका मोबाइलभोवती पाच डोकी.)

1 सप्टेंबर 2025. सोमवार, गौरीपूजनाची रात्र. सांगलीत विश्रामबागेच्या एका गल्लीत मंडळाची आरती होऊन दोन तास झालेत. राखणीला थांबलेली पोरं रात्रभर पत्ते कुटतात, अशी आपली समजूत. इथे पत्ते पिशवीतून निघालेलेच नाहीत. मधे भडंगाचा कागद, आणि सगळ्यांचे डोळे घड्याळावर. साडेअकराला इंग्लंडमधला फुटबॉल खेळाडूंचा बाजार उठणार. तिकडे तेव्हा संध्याकाळचे सात वाजलेले असतात.

बातमी आली. लिव्हरपूल क्लबने न्यूकॅसलकडून गोल मारणारा अलेक्झांडर इसाक घेतला. साडेबारा कोटी पौंड. कुठल्याच ब्रिटिश क्लबने आजवर एका खेळाडूसाठी एवढे मोजले नव्हते. एकाने उठून ढोलावर टिपरू हाणलं. समोरच्या खिडकीतून लगेच आवाज आला, "अरे झोपा की आता!"

मांडवाच्या कडेला खुर्ची टाकून आण्णा बसलेत. मूळचे आटपाडीकडचे, वडील बैलांचा व्यापार करायचे. फुटबॉलमधलं त्यांना गोल झालेला तेवढा कळतो.

"कितीला म्हणालास?"

"साडेबारा कोटी, आण्णा. पौंड."

"दात किती?"

पोरं हसली. मग एकाने मोबाइलवर बघून सांगितलं, "पंचवीस पूर्ण. या महिन्यात सव्वीस लागंल."

"म्हंजे जुळला की. आता वाढायचा न्हाई. धावंल तेवढा धावंल."

या एका वाक्यावर मांडवात पहाटे दोनपर्यंत भांडण चाललं.

(पडद्यावर: खिलार बैलाचा जबडा उघडून दात बघणारे दोन हात.)

बैलाचं वय कागदावर नसतं, तोंडात असतं. दुधाचे दात असतील तर आदत, दोन पक्के दात आले की दुसा, चार आले की चौसा. सगळे आले की जुळला. आदत खोंड स्वस्त, पण पुढे कसं निघेल ते देवाला माहीत. जुळलेल्याचं सगळं दिसतं, म्हणून किंमतही सगळी मोजावी लागते. मधल्या चौशावर ज्याची नजर बसली, तो व्यापारी.

लिव्हरपूलची नजर काही वर्षं नेमकी तिथे बसली होती. 2017 च्या उन्हाळ्यात त्यांनी हल सिटीचा अँड्र्यू रॉबर्टसन घेतला. हल नुकतंच खालच्या विभागात घसरलेलं, पोरगा तेवीसचा, किंमत 80 लाख पौंड. त्याच उन्हाळ्यात रोमाकडून मोहम्मद सालाह आला. प्रशिक्षक युर्गेन क्लॉपचा कल युलियन ब्रान्टकडे होता. आकडेवारीवाल्यांनी सालाह लावून धरला आणि क्लॉपने ऐकलं. त्या आकडेवारीवाल्यांचा म्होरक्या इयान ग्रॅहम हा भौतिकशास्त्रात डॉक्टरेट केलेला माणूस. म्हणजे दात बघणारा पदार्थवैज्ञानिक निघाला, एवढाच फरक.

पण माझ्या मते त्या क्लबची खरी करामत खरेदीत नव्हती, विक्रीत होती. फिलिपे कुटिन्योला 2013 मध्ये 85 लाख पौंडांना आणला, आणि जानेवारी 2018 मध्ये बार्सिलोनाला 14 कोटी 20 लाखांपर्यंत जाणाऱ्या सौद्यात दिला. तेव्हा आपल्याकडचे चाहतेसुद्धा छाती बडवत होते, पोटचा पोर विकल्यासारखे. त्याच महिन्यात साडेसात कोटींना बचावपटू व्हर्जिल व्हॅन डाइक आला. मे महिन्यात चॅम्पियन्स लीगच्या, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेच्या, कीव्हमधल्या अंतिम सामन्यात लिव्हरपूलच्या गोलरक्षकाने दोन गोल अक्षरशः दान केले, म्हणून जुलैत नवा गोलरक्षक अलिसन आला. पुढच्या वर्षी चॅम्पियन्स लीग जिंकली, 2020 मध्ये तीस वर्षांनी इंग्लंडची लीग. एक बैल विकून गोठ्याची दोन्ही दारं बसवली.

(पडद्यावर: वहीच्या मागच्या पानावर पेनने मांडलेली आकडेमोड.)

मांडवात हिशोब मांडणारे काका सहकारी बँकेतून निवृत्त झालेत. पोरांना त्यांचा राग येतो, कारण ते बरोबर असतात.

"साडेबारा कोटी एका वर्षात खर्ची पडत नाहीत रे. यंत्राचा घसारा धरतो तसं आहे ते. करार सहा वर्षांचा, पण हिशोबात जास्तीत जास्त पाच वर्षं धरता येतात. म्हणजे वर्षाला अडीच कोटी. आणि विकलेल्याचा नफा मात्र त्याच वर्षी जमा."

"आणि क्वान्सा?" कॉलेजातल्या पोराने विचारलं. जॅरेल क्वान्सा लहानपणापासून लिव्हरपूलच्याच अकादमीत वाढला, त्याला याच उन्हाळ्यात जर्मनीच्या लेव्हरकुसेनला विकला.

"त्याची खरेदी किंमत शून्य. घरच्या गाईचं खोंड ते. आलेला पैसा सगळा नफा."

मला इथे काकांपेक्षा त्या पोराचा चेहरा जास्त आठवतो. घरचं खोंड विकणं वहीत सगळ्यात शहाणपणाचं दिसतं, आणि मैदानावर सगळ्यात जास्त टोचतं. हिशोबाचे नियमच असे आहेत की क्लबाने घरचंच आधी विकावं.

त्याच रात्री दुसरा एक सौदा फिसकटला. क्रिस्टल पॅलेसचा मार्क गेही, साडेतीन कोटी पौंड ठरलेले, शारीरिक तपासणीपर्यंत गोष्ट गेलेली. पॅलेसने ऐनवेळी दावं सोडलं नाही. बचावाला माणूस हवा होता तो राहिला, आणि हल्ल्याला मात्र फ्लोरियन विर्ट्झ, ह्युगो एकिटिके, इसाक अशी रांग लागली. "लका, सगळी खिडक्यास्नीच पैसं," कुणीतरी म्हणालं. "भिंत कोण बांधणार?"

लिव्हरपूलच्या खेळाडूंची यादी वाचता वाचता एक जण वीस नंबरवर थांबला. तो अंक आता कुणालाच मिळणार नाही. तो घालणारा दिओगो जोटा 3 जुलैला स्पेनमध्ये मोटार अपघातात गेला. काकांनी पेन बंद केलं. थोडा वेळ भडंगालाही कुणी हात लावला नाही.

(पडद्यावर: तोच मांडव उतरवलेला, रिकामा चौक. नोव्हेंबर.)

पुढचं सगळ्यांनी पाहिलंच. लिव्हरपूलने पहिले पाच लीग सामने जिंकले, आणि मग सप्टेंबरअखेरपासून पॅलेस, चेल्सी, युनायटेड, ब्रेंटफर्ड, ओळीने चार हरले. नोव्हेंबरात घरच्या मैदानावर फॉरेस्टने तीन गोल मारले, चार दिवसांनी आइंडहोव्हनने चार. आणि 20 डिसेंबरला टॉटनहॅमविरुद्ध इसाकने गोल केला, तो करतानाच त्याचा पाय मोडला. त्यात कुणाचा दोष काढायचा? पण मुळात उन्हाळाभर न्यूकॅसलशी रुसून तो एकटाच सराव करत होता. शर्यतीचा बैल महिनाभर खुंट्याला, आणि आल्या आल्या गाडीला जुंपला.

आदल्याच उन्हाळ्यात, 2024 मध्ये, याच क्लबाने लगेच खेळवायला म्हणून एकटा फेडेरिको किएझा आणला होता. पोरांनी तेव्हा मालकांना कंजूष म्हणून शिव्या घातल्या. मी पण घातल्या. त्या मोसमात लीग जिंकली, चार सामने राखून.

(पडद्यावर: खरसुंडीचा बैलबाजार, सकाळचं धुकं.)

पौषात आण्णा आम्हाला खरसुंडीला घेऊन गेले, सिद्धनाथाच्या यात्रेला. दावणीला खिलार बैल, शिंगांना हिंगूळ. एका गिऱ्हाईकाने पांढराशुभ्र बैल हेरला. दात बघितले, खूर बघितले, पाठीवर हात फिरवून कातडी थरथरते का ते बघितलं. मग आपला घरचा बैल आणवला, दोघांच्या मानेवर जू ठेवलं आणि बांधावरून चालवत नेलं. नवा बैल देखणा, पण पाऊल लांब टाकायचा. घरचा मागे पडायचा, जू तिरकं व्हायचं. दोनदा फिरवून बघितलं आणि गिऱ्हाईक निघून गेलं.

"बैल वाईट हुता का?" पोराने विचारलं.

"बैल एक नंबर," आण्णा म्हणाले. "त्याच्या जोडीचा न्हवता."

दुपारी तोच बैल दुसऱ्याने घेतला. मधे हेडी, म्हणजे बैलांचा दलाल, उभा. घेणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा हात एका टॉवेलखाली. बोटं आत हलताना दिसत होती, बाकी दोघांच्या तोंडावर माशी उठत नव्हती. आमचा कॅमेरा अगदी जवळ नेला, तरी काही दिसेना. टॉवेल निघाला, दोघांनी हसून पाठीवर थापा मारल्या.

आण्णांनी कॅमेऱ्यामागच्या पोराकडे बघितलं. "कळलं का कितीला गेला?"

"नाही, आण्णा."

"मग लिव्ह तुमच्या पेपरवाल्यांसारखं. रक्कम जाहीर केली न्हाई."