रिकाम्या पाइपातला सेन्सर

उजनी धरण मायनसमध्ये गेलं, म्हणजे वापरायचा साठा संपून पाणी मृतसाठ्यात उतरलं, की सोलापुरात जो तो पाण्याचा तज्ज्ञ होतो. धरणाची क्षमता ११७ टीएमसी, त्यातला ६३च्या आसपास मृतसाठा, हे आकडे चहाच्या टपरीवरही तोंडपाठ असतात. पण टाकीतून सुटलेलं पाणी तुमच्या बॅरलमध्ये पडेपर्यंत कुठं किती मुरलं, ते विचारा. टपरी गप्प होते. आज तेवढ्याबद्दलच बोलतो.

यंत्रं सोपी आहेत. टाकीच्या झाकणाखालचा सेन्सर पाण्यावर ध्वनिलहर सोडतो आणि ती परत यायला लागलेल्या वेळेवरून पातळी सांगतो. मुख्य लाइनवर फ्लो मीटर, पुढं प्रेशर सेन्सर. सगळे आकडे मोबाइलच्या सिमवरून कंट्रोल रूममधल्या स्काडाच्या, म्हणजे लांबून देखरेख करणाऱ्या संगणकाच्या, पडद्यावर येतात.

जिथं चोवीस तास पाणी असतं, तिथं गळती रात्री पकडतात. दोन ते चारच्या दरम्यान लोक झोपलेले, नळ बंद. तरी वस्तीच्या लाइनमध्ये पाणी जातच असेल, तर त्यातलं बरंचसं जमिनीत चाललंय. सेकंदाला एकच लिटर म्हणा. दिवसाचे ८६,४०० लिटर होतात. माणशी १३५ लिटर धरले, तर ६४० माणसांचं पाणी!

आता हेच आपल्याकडं करून बघा. पाणी पाळीनं येतं; पाळी नसेल तेव्हा पाइप कोरडा. आणि पाळी रात्री दोनला आली, तर झोपतो कोण? अख्खी गल्ली मोटारी लावून जागी. नळ आधी फुसफुसतो, मग खाकरतो, मग गढूळ धार येते. त्या फुसफुसण्यावरसुद्धा चक्रीचं मीटर गरगर फिरतं, म्हणजे हवेचं बिल. वर ज्या भोकातून पाणी गळतं, त्याच भोकातून रिकामा पाइप गटाराचं पाणी ओढून घेतो. ही गोष्ट मला गळतीपेक्षा जास्त छळते.

मग मोजायचं काय? वेळ. व्हॉल्व्ह उघडल्यापासून शेवटच्या घरापाशी दाब यायला किती मिनिटं लागली, ते. एरवी चाळीस लागतात आणि आज टाकी तितकीच भरलेली असून सत्तर लागली, तर मध्ये काहीतरी फुटलंय, नाहीतर कुणीतरी नवीन जोडणी मारलीय.

हे आमच्या भागातल्या चावीवाल्याला, म्हणजे पाण्याचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या-बंद करणाऱ्या माणसाला, सेन्सरशिवाय कळतं. चावीचं टोक व्हॉल्व्हवर टेकवून तो दांड्याला कान लावतो. फिरवतोही सावकाश; झटक्यात बंद केलं तर पाण्याच्या धक्क्यानं जुनी लाइन फुटते. म्हणून सेन्सर कुठल्या चेंबरमध्ये बसवायचे, ते आधी त्याला विचारा. नकाशात सरळ दिसणारी लाइन जमिनीखाली कुठं वळलीय, कुठला व्हॉल्व्ह डांबराखाली गाडला गेलाय, हे फक्त त्याच्या डोक्यात आहे, आणि येत्या मेमध्ये तो रिटायर होतोय.