कर्बवायूचा लेसर आणि कुमार पटेल

मित्रहो, लेसरचा इतिहास सांगताना आपण १९६० साली थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून काढलेल्या तांबड्या किरणापासून सुरुवात करतो आणि बहुधा तिथेच रेंगाळतो. मला आज त्याच्या चार वर्षे पुढे जायचे आहे, कारण लेसर कारखान्यात आणि शस्त्रक्रियागृहात ज्या शोधामुळे पोहोचला, तो कर्बवायूच्या, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या, लेसरचा शोध १९६४ साली चंद्रकुमार नारणभाई पटेल यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत लावला. पटेल यांचा जन्म १९३८ साली बारामतीत झाला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५८ साली पदवी घेऊन ते स्टॅनफर्डला गेले आणि १९६१ साली विद्युत अभियांत्रिकीतील डॉक्टरेट मिळवून बेलमध्ये रुजू झाले. बारामतीचे नाव वर्तमानपत्रांत रोज येते, या कारणासाठी मात्र क्वचितच.

त्या काळच्या वायू-लेसरांची अडचण समजून घेतल्याशिवाय पटेल यांच्या निवडीचे मोल कळणार नाही. हेलियम-निऑन लेसरमध्ये अणूतील इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर चढवावा लागतो. ही चढण सुमारे २० इलेक्ट्रॉन-व्होल्टची (हे ऊर्जेचे अतिसूक्ष्म एकक) असते आणि एवढी ऊर्जा खर्चून बाहेर पडणाऱ्या तांबड्या प्रकाशकणात त्यातले जेमतेम दोन इलेक्ट्रॉन-व्होल्ट हाती लागतात. उरलेले सारे वाया जातात. म्हणजे दोन पायऱ्या उतरण्यासाठी आधी वीस पायऱ्या चढायच्या. पटेल यांनी इलेक्ट्रॉन सोडून रेणूच्या कंपनांकडे लक्ष वळवले. कंपनांच्या पातळ्याही पुंजभौतिकीच्या नियमांनी ठरलेल्याच असतात, पण त्या तळाच्या अगदी जवळ असतात. कार्बन डायऑक्साइडचा रेणू ०.२९ इलेक्ट्रॉन-व्होल्टवर चढवला की सुमारे ०.१२ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा, १०.६ मायक्रोमीटर तरंगलांबीचा अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा, प्रकाशकण मिळतो. चढणीतला चाळीस टक्के हिस्सा प्रकाश म्हणून परत येतो, हा हिशेब त्या काळात चकित करणारा होता.

तरीही शुद्ध कर्बवायूतून निघालेला पहिला किरण अगदी क्षीण, मिलिवॅटच्या घरातला होता. खरी गंमत त्यात नायट्रोजन मिसळल्यावर दिसली. नायट्रोजनच्या रेणूतले दोन्ही अणू सारखेच असल्यामुळे तो नुसत्या कंपनाने प्रकाश बाहेर टाकू शकत नाही. विद्युतप्रवाहातून मिळालेली ऊर्जा तो बराच वेळ धरून बसतो. ही ऊर्जा आणि कार्बन डायऑक्साइडला हवी असलेली ऊर्जा यांत फरक इतका थोडा आहे, की खोलीच्या तापमानाला रेणूंच्या धावपळीत जी ऊर्जा सहज उपलब्ध असते तिच्या दहाव्या हिश्श्यातही तो भरून निघतो. म्हणून टक्कर होताच नायट्रोजन आपली शिल्लक शेजाऱ्याच्या पदरात टाकून मोकळा होतो. पुढे या मिश्रणात हेलियम घातल्यावर, प्रकाशकण सोडून रेणू जिथे उतरतो ती खालची पातळी लवकर रिकामी होऊ लागली, वायू थंड राहू लागला आणि १९६५ सालीच अखंड किरणाची शक्ती शंभर वॅटच्या पुढे गेली.

या किरणाला काच अपारदर्शक असते, त्यामुळे त्याची भिंगे जर्मेनियम किंवा झिंक सेलेनाइडची करावी लागतात. याउलट पाणी त्याला झटकन शोषून घेते, आणि शरीराच्या ऊतींत मुख्यतः पाणीच असल्यामुळे शल्यचिकित्सकाला त्याने पातळ थर नेमका कापता येतो. लाकूड, कापड, कागद आणि ॲक्रिलिकही तो कापतो. जाळीदार नक्षीची लग्नपत्रिका आपल्या हाती येते तेव्हा ती बहुधा याच लेसरने कापलेली असते. धातूच्या पत्र्यांच्या कामात अलीकडे फायबर लेसरने त्याची जागा बरीचशी घेतली आहे, हेही सांगायला हवे.

एवढ्यावर थांबले असते तरी चालले असते, पण पटेल यांचे पुढचे काम मला व्यक्तिशः अधिक विलक्षण वाटते. अतिशीत इंडियम अँटिमोनाइडच्या स्फटिकावर कार्बन मोनॉक्साइड लेसरचा किरण सोडला आणि चुंबकीय क्षेत्र लावले, की स्फटिकातील इलेक्ट्रॉनची फिरकी उलटते व बाहेर पडणाऱ्या किरणाची तरंगलांबी बदलते. क्षेत्र कमीजास्त करून ती हवी तशी जुळवता येते. हा स्पिन-फ्लिप रामन लेसर त्यांनी वायूंच्या सूक्ष्म मोजमापासाठी वापरला. प्रकाश शोषणारा वायू तापतो, प्रसरण पावतो, आणि किरण ठरावीक तालात तोडून सोडला तर त्या प्रसरणाचा आवाज सूक्ष्म ध्वनिग्राहकाला ऐकू येतो. हा परिणाम १८८० साली खुद्द अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी पाहिला होता, आणि त्यांचेच नाव धारण करणाऱ्या प्रयोगशाळेत तो नव्वद वर्षांनी असा कामी आला.

१९७० च्या दशकाच्या आरंभी स्वनातीत, म्हणजे ध्वनीपेक्षा वेगवान, विमानांच्या धुरातील नायट्रोजनच्या ऑक्साइडांमुळे ओझोनचा थर विरळ होईल का, यावर मोठा वाद चालू होता. ओझोनचा थर असलेल्या स्थितांबरात नायट्रिक ऑक्साइड मुळात किती आहे, हे मोजल्याशिवाय तो वाद सुटणे शक्य नव्हते. पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे उपकरण फुग्याला बांधून २८ किलोमीटर उंचीवर पाठवले. सूर्योदयापूर्वी अत्यल्प असलेले नायट्रिक ऑक्साइड दिवस चढेल तसे वाढत गेलेले त्यांना दिसले, कारण सूर्यप्रकाश नायट्रोजन डायऑक्साइडचे विघटन करून ते मोकळे करतो.

बेल सोडल्यावर १९९३ पासून पटेल यांनी लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात संशोधन विभागाचे कुलगुरुपद सांभाळले, १९९५ साली अमेरिकन फिजिकल सोसायटीचे अध्यक्षपद भूषवले आणि १९९६ साली त्यांना अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक मिळाले. २००० साली त्यांनी स्थापन केलेली प्रॅनॅलिटिका ही कंपनी क्वांटम कॅस्केड लेसर बनवू लागली. कार्बन डायऑक्साइडच्या रेणूतील पातळ्या निसर्गाने दिल्या तशाच घ्याव्या लागतात. क्वांटम कॅस्केड लेसरमध्ये मात्र अर्धवाहकाचे काही नॅनोमीटर जाडीचे थर रचून पातळ्या हव्या तिथे बसवता येतात, आणि त्यातून निघणारा किरण पुन्हा त्याच अवरक्त पट्ट्यातला असतो.