कॅलिपर रंगवा, ड्रम रंगवा, पण ही एक जागा सोडा

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओत माझ्या स्विफ्टची चाकं दिसली आणि कमेंटमध्ये एकच धोशा: "दादा, कॅलिपरला कोणता लाल मारलाय?" (कॅलिपर म्हणजे चाकाआडच्या डिस्कला चिमट्यासारखं धरून ब्रेक लावणारा भाग.) एकाने तर विचारलंय, लाल रंगाने ब्रेक जास्त लागतो का? हो तर! आणि बंपरला लिंबू-मिरची बांधली की ॲव्हरेज वाढतं.

लाल कॅलिपर म्हटलं की ब्रेम्बो आठवतं, ती इटलीची ब्रेकवाली कंपनी. त्यांचा कारखाना इथे आपल्या चाकणलाच आहे, पण म्हणून रंग मारून कोणी ब्रेम्बो होत नाही. हा निव्वळ शौक आहे, एवढं मान्य करून बसा. आणि ती प्लास्टिकची लाल टोपणं ऑनलाइन मिळतात ना, ती कृपा करून नको. ब्रेक तापतो, टोपण हलतं, रिमला घासतं. शोभाही नाही आणि सुखही नाही.

बाकीचं भराभर सांगतो. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा. मग जॅक, मग जॅक स्टँड. विटा जमिनीवरच्या चाकांच्या पुढेमागे, गाडीखाली नव्हे! तारेचा ब्रश मारा, पण धूळ फुंकू नका, ब्रेक क्लीनरने ओली करून पुसा. कॅलिपर जागेवरच ठेवायचा, पाइप सोडायचा नाही. डिस्क, तिला घासणारे पॅड, धूळ अडवणारे रबरी बूट, ब्रेकमधली हवा काढायचं ब्लीडर निपल, सगळ्यांना टेप. रंग उष्णता सोसणाराच घ्या, पुण्यात नाना पेठेतल्या स्पेअर पार्टवाल्यांकडे मागा. घरच्या दाराचा उरलेला ऑइलपेंट सिंहगडाच्या एका उतारातच वास मारायला लागेल. दोन पातळ हात. आणि ब्रेक ऑइलचा थेंब सांडला तर लगेच पुसा, ते रंग उकलतं.

आता मुद्दा. (ड्रम कॅमेऱ्याजवळ धरतो.) हा मागच्या चाकातला ड्रम, म्हणजे ब्रेकचा डबा; आतून लायनर घासलं की ब्रेक लागतो. ह्याचा हा बाहेरचा गोल भाग रंगवा. आत लायनर घासतं तिथे रंग नाही, हे कुणालाही कळतं. पण हा चपटा चेहरा, बोल्टभोवतीचा, जिथे रिम टेकते? इथे टेप. इथे रंग नाही!

दोन वर्षांपूर्वी मी हौसेने अख्खा ड्रम रंगवला, चांगले तीन जाड हात. रविवारी सिंहगड. उतरून गोळेवाडीत आलो तर मागून टक-टक, टक-टक. पाना काढला, पण त्याची गरजच पडली नाही. चारपैकी दोन नट हातानेच फिरले. चाक काढलं, तर रंगात रिमचा ठसा, मोदकाच्या साच्यातून काढल्यासारखा. रंग दबला आणि नटाची पकड गेली. नट चूक नव्हते, मी चूक होतो.

कमेंट आहे, "कंपनीच्या ड्रमवरपण रंग असतो की." असतो रे, पण पातळ आणि कारखान्यात पक्का केलेला. तू डबा हलवून मारलास ती दुधावरची साय आहे.

बरं, नट सुटले नाहीत असं धरू. तरी अर्धवट वाळलेल्या रंगावर रिम चिकटून बसते. भर पावसात पंक्चर झालं की पंक्चरवाला चाकाला लाथा मारतो आणि तुम्ही छत्री धरून उभे. म्हणजे तिकडूनही तेच. चपट्या भागाला टेप लावा.

चाक बसवताना नट आमनेसामने आवळा, मॅन्युअलमध्ये आवळायच्या जोराचा आकडा दिलाय तेवढेच. 50 किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पाना लावा.

ड्रम लाल का नाही, असंही विचारलंय. लाल ड्रम म्हणजे मला कुंडी वाटते. आमच्या सोसायटीतल्या काकूंनाही तसंच वाटलं. पार्किंगमध्ये खाली बसलो होतो, तर म्हणाल्या, "कुंड्या रंगवतोयस का रे? उरला तर माझ्या चार रंगव." मागे दिसतायत ना त्या लाल तुळशीच्या? त्याच. उष्णता सोसणाऱ्या आहेत.