कापड आधीच गेटाबाहेर गेलं होतं

या, बसा, मागे अजून खुर्च्या आहेत. विषय बोर्डावर मोठा लिहिलाय, युनियन आणि बंद पडणारे कारखाने वगैरे, पण मी फक्त गिरण्यांवर बोलणार आहे. कारण आपल्याकडे कुठलाही कारखाना बंद पडला की कोणीतरी हमखास म्हणतंच, युनियनबाजीने वाट लावली, मुंबईच्या गिरण्यांचं काय झालं बघा! तर काय झालं ते आज जरा नीट बघू. आणि हो, आज रविवार म्हणून तुम्ही सगळे इथे आलात ना, ही सुट्टी पण गिरणी कामगारांनीच मिळवलेली आहे, नारायण मेघाजी लोखंडे, १८९०. ते सहज सांगून ठेवलं.

१८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. अडीच लाखाच्या आसपास माणसं. तो रीतसर मागे घेतला असं कधी झालंच नाही, म्हणजे कागदावर बघाल तर अजून चालूच आहे! नेते डॉ. दत्ता सामंत, पण ते काही गिरणीतले नव्हते, घाटकोपरला दवाखाना, दगडखाणीतले कामगार पेशंट, तिथून ते युनियनमध्ये आले आणि पुढे इंजिनिअरिंग कंपन्यांमध्ये त्यांनी भरघोस पगारवाढी करून दिल्या. ८१च्या दिवाळीत बोनसवरून गिरण्यांमध्ये असंतोष पेटला आणि कामगार स्वतःहून त्यांच्याकडे गेले. हे महत्त्वाचं आहे, कारण सांगताना नेहमी उलटं सांगतात, की बाहेरून एक पुढारी आला आणि त्याने भोळ्या लोकांना भडकवलं. भोळे कसले, तीन-तीन पिढ्या गिरणीत काढलेली माणसं ती.

आता मग ते मान्यताप्राप्त युनियनकडे का नाही गेले? तर बघा, १९४६चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा. एका भागात एका उद्योगाची एकच प्रातिनिधिक युनियन, वाटाघाटी तिनेच करायच्या, गिरण्यांत ती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. म्हणून झालं काय, कामगार ज्याला नेता मानतात तो कायद्याच्या लेखी कोणीच नाही, आणि कायदा ज्याला मानतो त्याचं कामगार ऐकत नाहीत. मालकांना तर बरंच झालं, सामंतांशी बोलायचंच नाही, आम्ही कायद्याने बांधलेलो आहोत म्हणायचं. म्हणून तो कायदा रद्द करा ही पण एक मागणी होती, नुसता पगार नाही.

दुसरी मागणी बदली कामगारांची. आमच्या चाळीत एक काका होते, साचेवाले, म्हणजे मागावर काम करणारे, कित्येक वर्षं बदलीच. पहाटे भोंग्याच्या आधी उठायचे, डबा घेऊन गेटावर जाऊन उभे राहायचे, कायमचा माणूस आला नाही तर आत, सगळे आले तर तोच डबा घेऊन परत घरी. काकू म्हणे डबा परत आलेला दिसला की काही विचारायचीच नाही. पर्मनंट करा, एवढंच त्यांचं म्हणणं.

हं, आता मुख्य मुद्दा. संप झाला तोवर कापड कुठे विणलं जात होतं? गिरणीत पण होतं, पण भिवंडीत, इचलकरंजीत, मालेगावात यंत्रमागांवर भरपूर विणलं जात होतं आणि ते दरवर्षी वाढत होतं. गिरणीवाले स्वतः तिथून कोरं कापड घ्यायचे, त्याचं ब्लीचिंग, रंगाई, छपाई करायची आणि काठावर गिरणीचं नाव मारायचं. गिऱ्हाईक दुकानात काठ उलटून नाव वाचायचं आणि खूश. आणि तिकडे पत्र्याच्या शेडमध्ये एक माणूस चार-चार माग सांभाळतोय, बारा तासांची पाळी, मजुरी मीटरवर, फंड नाही न् काही नाही. कारखाने कायदा तेव्हा दहा माणसांपासून लागायचा म्हणून एकाच शेडचे कागदावर तीन तुकडे, एक भावाच्या नावावर, एक बायकोच्या. वर सरकारचं धोरण पण असं की यंत्रमाग म्हणजे लघुउद्योग, सवलती द्या.

मग संप लांबला तसं झालं असं की घर चालेना म्हणून कितीतरी संपकरी भिवंडीला जाऊन मागावर उभे राहिले. म्हणजे दिवसा लालबागला संपाच्या सभेत हात वर करायचा आणि रात्री तेच कापड विणायचं ज्याच्या जोरावर मालक वर्ष वर्ष गप्प बसू शकत होता! याला मी त्या माणसाचा दोष म्हणणार नाही, पोरं उपाशी ठेवून कोण संप करेल. दोष युनियनचा आहे, आणि हे मी युनियनचा माणूस म्हणून बोलतोय. लाल बावटा म्हणजे कम्युनिस्टांची युनियन असो, मजदूर संघ असो, सामंत असोत, आम्ही सगळे गेटापर्यंतच बघत राहिलो. गेटावर सभा, गेटावर पावती. भिवंडीतल्या मागवाल्याला त्याच ताकदीने संघटित करायला कोण गेलं?

तुम्ही म्हणाल संपच झाला नसता तर? त्याचं उत्तर अहमदाबाद. तिथे मजूर महाजन, गांधीजींच्या १९१८च्या लढ्यातून उभी राहिलेली संघटना, भांडण नको, लवाद नेमा, अशी त्यांची रीत. असा वर्षभराचा संप तिथे झालाच नाही. तरी ऐंशीच्या दशकात तिथल्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, हजारो लोक घरी बसले. इकडे जहाल, तिकडे मवाळ, आणि भोंगा दोन्हीकडे बंद. मग एकट्या युनियनला कसं धरता?

मुंबईत वर आणखी जमीन होती. १९९१च्या विकास नियमावलीत, गिरणीची जमीन बांधकामाला काढायची तर तिचा एक वाटा महापालिकेला, एक म्हाडाला, उरलेला मालकाला, असं ढोबळ सूत्र होतं, २००१ला ते बदलून वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती केली, २००६ला सुप्रीम कोर्टाने ते उचलून धरलं. आता गिरणीत मोकळी जमीन असते किती, सगळ्या शेडच तर, म्हणजे बहुतेक जमीन मालकाकडेच. मालकाने मशिनरी कशाला बदलावी मग? नव्या मागांत पैसा घालण्यापेक्षा बंद गिरणी जास्त किमतीची.

बरं, मघापासून एक चिठ्ठी आलीय माझ्याकडे, आता भिवंडीची काय परिस्थिती? जाऊन बघा. माग भंगारात किलोवर विकले जाताहेत, शेड पाडून गोडाऊनं उभी राहतायत. आणि त्या गोडाऊनात खोकी भरणारी पोरं पण कंत्राटावरच, सकाळी गेटावर उभी, नाव पुकारलं तर आत.