केडगाव १९०५: जूनच्या आधीचे सहा महिने

पुण्याहून दौंडकडे निघालं की वाटेत केडगाव लागतं. निराधार मुलीबायकांसाठीचं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन ते इथलंच. १९०५ च्या जूनमध्ये इथे मोठं आत्मिक जागरण झालं, म्हणजे विश्वासाची मोठी लाट आली, आपल्या चर्चमध्ये बऱ्याच जणांनी ते ऐकलेलं असतं, साक्षींमध्येही येतं, पण मला विचाराल तर खरी गोष्ट त्याच्या आधीच्या सहा महिन्यांची आहे आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

ब्रिटनमधल्या वेल्समध्ये असंच जागरण सुरू झाल्याची बातमी बाईंपर्यंत पोचली होती. जानेवारी १९०५ मध्ये त्यांनी मिशनमधल्या मुलींना विचारलं, माझ्याबरोबर रोज प्रार्थनेला कोण बसणार? साधारण सत्तर जणी आल्या. मागणं काय, तर भारतातल्या सगळ्या ख्रिस्ती लोकांवर पवित्र आत्मा ओतला जावा. फेब्रुवारी गेला, मार्च गेला, उन्हाळा चढला, तरी बैठक मोडली नाही, उलट वाढत वाढत जूनपर्यंत साडेपाचशे जणी दिवसातून दोनदा जमायला लागल्या. उपास-प्रार्थनेच्या पहिल्या शुक्रवारी हॉल भरतो आणि महिन्याभरानं किती जण उरतात हे प्रत्येक पाळकाला माहीत आहे, म्हणून हा आकडा मला फार मोठा वाटतो. आणि बाई नुसत्या सूचना देऊन ऑफिसात गेल्या नाहीत, त्या स्वतः बसल्या, तेही जवळपास दोन हजार मुलीबायकांचं जेवणखाण, शाळा, शेती, सगळं डोक्यावर असताना.

प्रभू येशूनं अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत शिष्यांना सांगितलं, जागे राहा आणि प्रार्थना करा. दोन्ही सांगितलं. बाईंच्या आयुष्यात हे जागं राहणं अगदी रोजच्या कारभारात दिसतं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या, कारण उपाशी पोरींना फसवून नेणारे लोक तिथे फिरत होते, आणि शेकडो मुली त्यांनी वाचवून आणल्या. पुण्यात प्लेग आला, सरकारी बंदोबस्तात बायकांचे हाल चालले होते, तेव्हा १८९७ मध्ये बाईंनी पेपरात उघड पत्र लिहिलं आणि तो विषय थेट ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेला. लेकरांवर संकट येतंय हे ज्याला दिसतच नाही तो पुढारी देवाकडे मागणार तरी काय?

मग जूनच्या शेवटी ते जागरण आलं. मुली रडत होत्या, पापं कबूल करत होत्या, तासन्‌तास प्रार्थना चालायच्या, वर्ग थांबले. पुढे त्यातल्याच कितीतरी जणी टोळ्या करून आसपासच्या गावांत सुवार्ता सांगायला जायला लागल्या.

बाईंचं काम मात्र तिथे संपलं नाही. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणायचं त्यांनी हाती घेतलं होतं, गावातल्या साध्या बाईलाही कळेल असं, आणि ते कित्येक वर्षं चाललं. कान जवळजवळ गेलेले. जुलै १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, मिशन पुढे तीच सांभाळणार होती. तरी बाई रोज भाषांतराला बसत राहिल्या. ते पुरं करून ५ एप्रिल १९२२ ला त्या प्रभूकडे गेल्या, आणि मिशनच्याच छापखान्यात, तिथल्याच बायकांच्या हातून ते बायबल छापून झालं.